गहाण पडलेले पदक

१९७९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक विलक्षण खटला आला होता. एका युवक संघटनेच्या अध्यक्षाने राज कपूर यांच्या ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ या चित्रपटाविरुद्ध दिल्लीच्या न्यायालयात फौजदारी तक्रार गुदरली होती. तक्रारीचा आशय असा, की चित्रपटाच्या मंगल नावाने आपण आकर्षित झालो, परंतु आत जे पाहावयास मिळाले त्याने आपला भ्रमनिरास झाला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी निकाल देताना कलास्वातंत्र्याचा सविस्तर ऊहापोह केला. सेन्सॉर मंडळाने चित्रपटाला प्रमाणपत्र दिलेले होते, त्याला महत्त्व देऊन निर्मात्यावरील कारवाई रद्द करण्यात आली. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न तेथेच मिटला.

मला मात्र या खटल्यातील कलमांपेक्षा त्या तक्रारदाराविषयी अधिक कुतूहल वाटत आले आहे. प्रेक्षक फसला म्हणून न्यायालयात जातो, ही गोष्ट हसण्यावारी नेता येईल. वाईट चित्रपट दर आठवड्याला निघतात. त्यांच्यासाठी कोणी वकील करीत नाही. जेथे विश्वास टाकलेला असतो तेथेच फसवणूक बोचते. राज कपूर या नावावर १९५० ते १९६० या दशकात लक्षावधी माणसांनी असा विश्वास टाकला होता आणि त्यांत आमच्या कामठीची माणसेही होती. हा लेख त्या विश्वासाचा आणि त्याला गेलेल्या तड्याचा इतिहास आहे.

कामठी हे गावच मुळी छावणीतून जन्मले. १८२१ साली कन्हान नदीच्या काठी इंग्रजांनी येथे लष्करी तळ वसविला. पुढे कितीतरी वर्षे या छावणीत मद्रासी पलटणी असत. त्यांच्याबरोबर तमिळ व तेलुगू बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे आली, गोऱ्या पलटणींबरोबर आयरिश कॅथलिक आले. १८४६ साली विशाखापट्टणम येथे उतरलेल्या फ्रेंच मिशनऱ्यांच्या कार्यक्षेत्रात आमचा हा मुलूख येत असे. नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत १८८७ साली झाला. गोरा बाजार, विणकरांचे मोहल्ले, विडी कामगारांच्या वस्त्या असा हा गाव. ‘जय भीम’ या अभिवादनाचे जनक मानले जाणारे बाबू हरदास याच गावचे, आणि विडी कामगारांची संघटना बांधण्यातही त्यांचा पुढाकार होता. घरात तमिळ, शाळेत मराठी, बाजारात उर्दूमिश्रित हिंदी, मिस्सेत लॅटिन अशा चार भाषांत आमचा दिवस जाई. साऱ्या गावाची सामाईक भाषा कोणती, असे कोणी विचारले असते तर मी ‘सिनेमाची’ असे उत्तर दिले असते.

माझे वडील छावणीत कारकून होते. त्यांचा पगार बेताचा आणि श्रद्धा दोनच होत्या. एक देवावर व दुसरी राजूवर! त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून एका मासिकातले चित्र चिकटविलेले होते: आखूड विजार, फाटके बूट, काठीला बांधलेले गाठोडे आणि तिरपी टोपी.

हा राजू कोण होता? राज कपूर यांनी १९४८ साली आर. के. ही संस्था काढली. १९५१ साली ‘आवारा’ आला. ख्वाजा अहमद अब्बास यांच्यासह त्याची कथा रचणारे व्ही. पी. साठे मराठी गृहस्थ होते, आणि कलादिग्दर्शन एम. आर. आचरेकर या मराठी चित्रकाराचे होते. चोराचा मुलगा चोरच निपजणार, असे मानणारा न्यायाधीश आणि त्याने अव्हेरलेला त्याचाच मुलगा यांची ती कथा. १९५४ साली हा चित्रपट सोव्हिएत रशियात दाखविला गेला आणि तेथील प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. १९५५ च्या ‘श्री ४२०’ मध्ये अलाहाबादहून मुंबईस आलेला पदवीधर राजू आपले प्रामाणिकपणाबद्दल मिळालेले पदक सावकाराच्या दुकानात गहाण टाकतो. त्या एका प्रसंगात सगळा चित्रपट आहे. पुढे तो शेटजींच्या साथीने शंभर रुपयांत घर देण्याच्या योजनेत गरिबांना लुबाडू लागतो, आणि शेवटी मागे फिरतो. विद्या आणि माया अशी दोन स्त्रियांची नावे. रूपक कोणालाही उमजावे इतके उघड. तरीही कामठीच्या विडी कामगाराला ते खोटे वाटले नाही, कारण पदक गहाण टाकण्याचा मोह त्याला रोज होत होता.

१९५६ चा ‘जागते रहो’ शंभू मित्र व अमित मैत्र यांनी दिग्दर्शित केला. तहानेलेला खेडूत रात्री एका मोठ्या इमारतीत पाण्यासाठी शिरतो, चोर म्हणून सारी इमारत त्याच्या मागे लागते, आणि घराघरांतून पळताना त्याला प्रतिष्ठितांची चोरी दिसत जाते. पहाटे एक स्त्री त्याच्या ओंजळीत पाणी घालते. याकोबाच्या विहिरीवरील शोमरोनी स्त्रीचा प्रसंग ज्यांनी उपासनेत ऐकला आहे, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. या चित्रपटास १९५७ साली कार्लोवी व्हारीच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

१९६० साली ‘जिस देश में गंगा बहती है’ आला. दिग्दर्शन राधू कर्मकार यांचे होते. भोळा राजू दरोडेखोरांच्या टोळीत जाऊन पोहोचतो व शस्त्रे टाकण्याची भाषा बोलू लागतो. त्याच वर्षी मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात वीस दरोडेखोर विनोबांना शरण गेले होते. विनोबांचे पवनार आमच्या विदर्भातच, वर्ध्याजवळ. त्यामुळे हा चित्रपट आम्हांला वर्तमानपत्राचेच एक पान वाटला असल्यास नवल नाही.

ख्रिस्ती वाचकाला या चित्रपटांत आणखी एक गोष्ट आपुलकीची वाटे. त्यांतील ख्रिस्ती माणसे. आर. के. च्या ‘बूट पॉलिश’ मध्ये (१९५४) रस्त्यावरच्या दोन अनाथ मुलांना भीक मागण्यापेक्षा काम करा असे शिकविणारा जॉन चाचा आहे. त्याची भूमिका डेव्हिड अब्राहम चेऊलकर या बेने इस्राएली नटाने केली. जॉन चाचा स्वतः चोरटी दारू विकतो आणि त्यापायी तुरुंगात जातो. म्हणजे ख्रिस्ती माणूस आणि बाटली यांची जोडी हिंदी पडद्यावर तेव्हाही होतीच; पण मुलांना स्वाभिमान तोच शिकवितो, हे विसरता येत नाही. पाच वर्षांनी ‘अनाडी’ आला. तो आर. के. चा चित्रपट नव्हे. निर्माता वेगळा आणि दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी. परंतु नायक तोच भोळा, प्रामाणिक तरुण असल्यामुळे प्रेक्षकांनी त्याला राजूच्याच घराण्यात धरले. त्यातील मिसेस डिसा ही घरमालकीण तोंडाने फाटकी आणि काळजाने आई. भाडे थकले म्हणून ओरडते आणि त्याच तोंडाने जेवायला बसविते. शेवटी नायकाच्याच मालकाच्या कंपनीने काढलेल्या भेसळीच्या औषधाने तिचा बळी जातो. ललिता पवार यांना या भूमिकेसाठी फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. ‘श्री ४२०’ मधील केळीवाली गंगामाईही त्यांचीच.

नऊ वर्षांचा असताना मी ‘अनाडी’ वडिलांबरोबर पाहिला. मिसेस डिसा मरते तेव्हा वडिलांनी डोळे पुसले. परतीच्या वाटेवर ते एकच वाक्य बोलले, ‘आपल्या माणसाला त्यांनी आई केली.’ अल्पसंख्य समाजातील माणसाला असल्या गोष्टी किती पुरतात, हे बहुसंख्यांना सांगून कळणार नाही.

याच सुमारास चर्चही चित्रपटाकडे पाहत होते, प्रथम संशयाने आणि नंतर काहीशा समजुतीने. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली ‘विजिलांती कुरा’ हे परिपत्रक खास चित्रपटांविषयी काढले होते. त्यात सावधगिरीचा सूर मोठा होता. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने संपर्कमाध्यमांवरील आदेश मंजूर केला, त्यात या माध्यमांचे स्वागतही होते. वडिलांना यांपैकी काही ठाऊक नव्हते. धर्मगुरूंनी सिनेमाविरुद्ध प्रवचन केले की ते मान खाली घालून ऐकत आणि ‘फादरनी राजू पाहिलेला नाही’ असे घरी येऊन म्हणत.

१९६४ साली ‘संगम’ आला. आर. के. चा पहिला रंगीत चित्रपट, व्हेनिस, पॅरिस, स्वित्झर्लंड यांचे देखणे चित्रण, जवळजवळ चार तासांची लांबी. तो खूप चालला. परंतु त्यात राजू नव्हता. फाटके बूट गेले होते. नायकापुढचा प्रश्न आता गरिबाच्या अब्रूचा नव्हता. आपल्या पत्नीचे पूर्वी कोणावर प्रेम होते काय, हा होता. युरोपातील हॉटेलच्या खोलीत पत्नी पतीला जे नाचून दाखविते त्यावर घराघरांत कुजबूज झाली. वडील मध्यंतरानंतर गप्प होते. त्यांना नृत्य खटकले असे आईला वाटले. मला आज वाटते, त्यांना खटकला होता तो नायकाचा सूट.

का बदलले हे सारे? सोपी उत्तरे पुष्कळ आहेत. ‘जागते रहो’ नंतर नर्गिस आर. के. मधून गेल्या आणि मार्च १९५८ मध्ये सुनील दत्त यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. एकेकाळी माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात काम केलेले कवी शैलेंद्र, ज्यांनी राजूला शब्द दिले, ते १४ डिसेंबर १९६६ रोजी, नेमके राज कपूर यांच्या वाढदिवशी, निवर्तले. संगीतकार शंकर-जयकिशन या जोडीतील जयकिशन १९७१ साली गेले. पण अब्बास होतेच! ‘आवारा’ आणि ‘श्री ४२०’ लिहिणाऱ्या या समाजवादी लेखकानेच ‘मेरा नाम जोकर’ लिहिला आणि ‘बॉबी’ही, साठेही ‘बॉबी’च्या लेखनात होते. तेव्हा लेखक बदलला म्हणून दृष्टी बदलली, असे म्हणण्याची सोय नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात गरिबी ही लवकरच सरणारी रात्र वाटत होती. १९६२ व १९६५ ची युद्धे, महागाई आणि दुष्काळ यांनंतर तसे वाटेनासे झाले. राजूच्या हसण्याला ज्या आशेचा आधार होता ती आशाच पातळ झाली होती. हे माझे अनुमान आहे; परंतु १९७३ साली एकीकडे ‘बॉबी’ आणि दुसरीकडे ‘जंजीर’मधील संतप्त इन्स्पेक्टर एकाच वर्षी लोकप्रिय झाले, ही गोष्ट त्याला पुष्टी देते. एकात प्रेक्षक गरिबी विसरायला जात होता, दुसऱ्यात सूड घ्यायला. फाटक्या बुटांनी हसत चालणारा माणूस दोघांच्याही उपयोगाचा उरला नव्हता.

राज कपूर यांनी एकदा मागे वळण्याचा प्रयत्न केला होता. डिसेंबर १९७० मध्ये आलेला ‘मेरा नाम जोकर’ दोन मध्यंतरांचा, चार तासांहून अधिक लांब. त्यात राजू विदूषक होऊन परतला. प्रेक्षकांनी तो नाकारला आणि आर. के. कर्जात बुडाली. निष्ठावंतांनी नंतर फार तक्रारी केल्या, पण राजू दारात उभा होता तेव्हा चित्रपटगृहे रिकामी होती, हा हिशेबही मांडला पाहिजे. आमच्या वडिलांनी तो दोनदा पाहिला. दोनदा पाहणारी माणसे सगळीकडे थोडीच असतात.

मग ‘बॉबी’. श्रीमंत मुलगा आणि कोळ्याची ख्रिस्ती मुलगी. मुलीची आजी, मुलाला लहानपणी सांभाळणारी मिसेस ब्रगांझा, ही भूमिका दुर्गा खोटे यांनी केली. बाप जॅक ब्रगांझाची प्रेमनाथ यांनी. आजीत मिसेस डिसाची थोडी छाया आहे. जॅक ब्रगांझाही लाचार नाही. श्रीमंत व्याह्यापुढे तो ताठ उभा राहतो, आणि त्याचे श्रेय लेखकांना दिले पाहिजे. परंतु लोकांच्या लक्षात राहिली ती मुलीची आखूड वस्त्रे. ठिपक्यांचे कापड, केशरचना, राजदूतची लहान मोटारसायकल, सगळ्यांना ‘बॉबी’ हे नाव मिळाले. आणि आमच्या मुलींनाही मिळाले. माझी धाकटी बहीण तेव्हा कॉन्व्हेंट शाळेत शिकत होती. गुडघ्याखाली जाणारा गणवेश, दोन वेण्या, हातात प्रार्थनेचे पुस्तक. बाजाराच्या कोपऱ्यावरील टोळके तिला रोज त्या नावाने हाक मारी. तिने एक दिवस दप्तर जमिनीवर आपटले आणि शाळेत जाणार नाही असे सांगितले. पुढचे वर्षभर वडील ऑफिसला उशीर पत्करून तिला पोहोचवायला जात. दोन वर्षांनी ‘ज्यूली’ आला. त्यात दारूडा ख्रिस्ती इंजिनड्रायव्हर, अविवाहित मातृत्व आणि कजाग आई. ती आई झालेल्या नादिरा म्हणजे ‘श्री ४२०’ मधील माया. तो चित्रपट आर. के. चा नव्हता, पण त्याच्यासाठी रस्ता कोणी तयार केला हे गोरा बाजारातल्या ख्रिस्ती आयांना कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

येथे एक प्रश्न मला स्वतःलाच विचारला पाहिजे. पूर्वीचे सारे सोवळे होते काय? मुळीच नाही. ‘आवारा’त पोहण्याच्या वेषातील नर्गिस आहे. ‘जिस देश में गंगा बहती है’ मधील पद्मिनीच्या स्नानाकडे कॅमेरा नको तितका वेळ पाहतो. देहाचे आकर्षण आर. के. च्या चित्रपटांत पहिल्यापासून होते, आणि ज्यांना सारे चित्रपट ‘नंतर’ बिघडले असे वाटते त्यांनी जुने पुन्हा पाहावेत. बिघडले असेल तर ते दुसरीकडे. ‘जागते रहो’ मध्ये पाणी तहानेल्याच्या ओंजळीत पडते. ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ आणि १९८५ चा ‘राम तेरी गंगा मैली’ यांत पाणी नायिकेच्या वस्त्रावर पडते आणि आपण तिच्याकडे पाहतो. तहान कोणाला लागली आहे, हे बदलले. आधी ती पडद्यावरच्या माणसाला होती.

आणि तरीही ‘राम तेरी गंगा मैली’ची कथा, गंगोत्रीची मुलगी बनारसच्या कोठीवर पोहोचते ही, पंचवीस वर्षांपूर्वीच्या गंगेच्या चित्रपटाला दिलेले राज कपूर यांचे स्वतःचे उत्तर आहे असे मला वाटते. भ्रमनिरास एकट्या प्रेक्षकाचा झाला नव्हता. ‘प्रेम रोग’ मध्ये (१९८२) विधवेच्या पुनर्विवाहाचा प्रश्न त्यांनी पोटतिडकीने मांडला होता. त्यामुळे धंद्यासाठी नीती सोडली असा सरसकट निकाल देणे मला जड जाते.

असा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. राजूचे कपडे ज्याच्यावरून बेतले होते त्या चार्ली चॅप्लिनचा भटक्या १९१४ साली पडद्यावर आला आणि दोन दशके जगाने त्याला आपला मानला. १९४७ साली चॅप्लिनने ‘मस्य व्हेर्दू’ काढला. त्यात तो बायकांशी लग्ने लावून त्यांचे खून करणारा सभ्य गृहस्थ झाला होता. अमेरिकेत गहजब उडाला. त्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला झालेल्या पत्रकार परिषदेत त्याला धारेवर धरणाऱ्यांत कॅथलिक माजी सैनिकांच्या संघटनेचा प्रतिनिधी पुढे होता, आणि प्रश्न चित्रपटापेक्षा चॅप्लिनच्या देशनिष्ठेवर अधिक होते. आपल्या धर्मबांधवांचे ते वर्तन मला आजही अवघडून टाकते. रागाचे मूळ कदाचित निराळे असेल. भटक्याने आपल्याला सोडून दिले हे सरळ म्हणण्याची लाज वाटली, म्हणून माणसे राजकारण बोलली. चॅप्लिनला मात्र जे म्हणायचे होते ते गंभीर होते: एक खून केला तर फाशी, लाखो केले तर सन्मान. आर. के. च्या उत्तरकालीन चित्रपटांत असा एखादा कडू, अप्रिय विचार असता तर मी त्यांची बाजू अधिक जोराने घेतली असती.

‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ नागपूरला लागला तेव्हा वडिलांसाठी मी तिकिटे आणली होती. त्यांनी भिंतीवरची जाहिरात आधीच पाहिली होती. ‘तू जा, मला मिस्सेला जायचे आहे,’ म्हणाले. तो शुक्रवार होता आणि संध्याकाळची मिस्सा नव्हती. मी एकटा गेलो. त्या तक्रारदाराप्रमाणे माझा भ्रमनिरास वगैरे झाला नाही. मी तरुण होतो आणि मला चित्रपट आवडला, हे येथे लपविण्यात अर्थ नाही. अपमान वडिलांचा झाला होता, माझा नव्हे. त्यानंतर त्यांनी आर. के. चा एकही चित्रपट पाहिला नाही. ट्रंकेच्या झाकणावरचे चित्र मात्र त्यांनी काढले नाही.

चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला १६ सप्टेंबर २०१७ रोजी आग लागली. जुने पोशाख आणि सामान जळाले. पुढे ती जागाही विकली गेली. बातमी वाचताना मला ‘श्री ४२०’ मधील त्या दुकानाची आठवण झाली, जेथे पदक ठेवून राजू पैसे घेतो.

राज कपूर २ जून १९८८ रोजी दिल्लीत वारले. फाळके पुरस्कार स्वीकारण्यासाठी गेले असता महिनाभरापूर्वी समारंभातच ते कोसळले होते. दुसऱ्या दिवशी वडील सकाळीच चर्चमध्ये गेले आणि मृतात्म्यासाठी मिस्सा अर्पण करण्याकरिता पैसे भरू लागले. नाव काय लिहू, असे धर्मगुरूंनी विचारले. वडील म्हणाले, ‘राजू.’ नात्यातले का, असे त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा वडिलांनी थोडा वेळ घेतला आणि जुनी ओळख होती असे सांगितले.